‘हे तर कर्मानं तारण झालं’ या आक्षेपाला उत्तर

सलाम बंधू,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत : आज्ञापालनावर एवढा भर देऊन मी कृपेचं तारण, म्हणजे देवानं फुकट दिलेली पापांतून सुटका, मागच्या दारानं कर्माच्या हवाली करतो, आणि ‘शास्त्राभ्यास पुरे झाला, आता वागा’ असं लिहून वचनाची किंमत कमी करतो.

दुसरा आधी घेतो, कारण तो खरा आहे. ते वाक्य चिडून लिहिलं होतं. मागे घेतो.

पहिला मात्र मान्य नाही. तुम्ही पौलाच्या पत्रातलं इफिसकरांस २:८-९ दिलंत : तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मानं नव्हे. दहावं वचन का सोडलंत? सत्कृत्यांमुळे तारण नाही, पण सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलं आहे, असं पौलच म्हणतो. (विश्वासावर भर देणारा पौल आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव म्हणणारा याकोब, यांची झुंज लावायची हौस जुनीच. धर्मसुधारक लूथरनं १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं होतं.) देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब सांगतो. त्यांच्या ज्ञानात काय कमी आहे, सांगा बरं.

पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांना अज्ञानी म्हणायची कोणाची छाती होणार नाही. इंग्लंडात वाँटेजला राहत असताना त्यांनी लंडनमधल्या फुलहॅमचं सेवाकार्य पाहिलं. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळत होते. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, ज्यात येशू तुच्छ मानलेल्या शोमरोनी स्त्रीशी आपणहून बोलतो. म्हणजे आधी कोणीतरी पाळलेली आज्ञा डोळ्यांना दिसली, वचन मागून उलगडलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं. म्हणून पुस्तकं मिटली नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणण्याचं काम १९२२ साली मृत्यू येईपर्यंत चाललं.

एक गोष्ट तुमच्या बाजूचीही सांगतो. १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. त्याच काळात, १८८९ मध्ये, त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं होतं. नुसत्या कामानं ख्रिस्त भेटत नाही, हा मुद्दा तुमचा. घ्या.

माझी चीड कशाची होती, तेही सांगतो. मत्तय ५:२३-२४ वर मी आमच्या अभ्यासवर्गात ओळीनं तीन गुरुवार शिकवलं : अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. मूळ ग्रीक शब्दासकट सगळं. आणि चुलतभावाशी बांधावरून धरलेला माझा अबोला तेव्हा चौथ्या वर्षात होता.

अभ्यासवर्ग बंद करायचा का, असं तुम्ही विचारलंत. मुळीच नाही. फक्त आता सुरुवातीला प्रत्येकानं गेल्या वेळच्या वचनाचं काय केलं ते सांगायचं. परवा पहिल्यांदा विचारलं, तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही नाही.