बेबीताईंनी कागद कुणापासून लपवले?

तुमची प्रतिक्रिया वाचली. दलित लेखिका बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनावरच्या लेखात, त्यांचं लिखाण दडपलं गेलं, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, "दडपलं कोणी? बाईंनी स्वतःच लिखाण लपवून ठेवलं होतं. उगाच हळहळ विकू नका." विकू नका! मतभेद असू द्यात, पण ज्याची ओळखदेख नाही त्याच्या हेतूवर घसरायचं, ही कुठली रीत? लेख लांबला, हे मात्र मान्य. दोन परिच्छेद कमी चालले असते.

आता ते "स्वतःच". बेबीताई फलटणला किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचता वाचता वाचनाची गोडी लागली, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहायला बसत. लिहिलेले कागद जुन्या वर्तमानपत्रांखाली, घरातल्या कुणाचा हात जाणार नाही अशा जागी. वीसेक वर्षं हे चाललं. नवरा मारायचा, हे त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. मार चुकवायला कुणी डोक्यावर हात धरले, तर तेही त्याने "स्वतःच" धरले म्हणायचं का?

आणि त्या पुस्तकात महारवाडा आहे, उपासमार आहे, सुनांचा छळ आहे. बेबीताईंच्या स्वतःच्या संसाराबद्दल मात्र जवळजवळ काही नाही. सगळ्याच बायकांचं तसंच होतं, असं त्या म्हणत. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. नवऱ्याच्या धाकात लिहिणारी बाई नवऱ्याबद्दल काय लिहिणार?

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी आई हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायची. वही तांदळाच्या डब्यात, तळाशी. वडिलांच्या हाती लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात गेली. त्यानंतर आईने एक ओळ लिहिली नाही. घरात आजही सगळे म्हणतात, "तिने लिहिणं सोडलं." तेव्हा लपवणं म्हणजे काय, हे कृपया मला शिकवू नका.

"भाषा ओबडधोबड", "प्रचारकी" वगैरे बाकीचे शेरे सोडून देतो. पुस्तक उघडून ते लिहिलेत असं वाटत नाही. आधी वाचा. मग हवं तेवढं कडक लिहा, उत्तर देईन.