गुहा पाण्याच्या जोराने होत नाही हो

एक मेसेज फिरतोय सगळीकडे, गुहेतल्या नदीचा फोटो आणि खाली मजकूर की उष्ण प्रदेशात जमिनीखालच्या नद्यांनी जोरदार धारेने चुनखडीचे डोंगर फोडले, पाणी गरम असल्याने दगड पटापट विरघळला, आणि दगडातून गाळून येतं म्हणून ते पाणी एकदम शुद्ध. फोटो झकास आहे, मजकुराचं काही खरं नाही.

आधी तो जोर. अहो, नदीला जोर लावायला आधी आत शिरायला वाट तर हवी! सुरुवात होते केसाएवढ्या भेगेपासून. पाऊस मातीतून झिरपताना मुळांनी आणि जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड त्यात मुरतो, मातीतल्या हवेत तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट असतो, कधी शंभरपटसुद्धा, म्हणजे खाली पोचतं ते पातळ सोडावॉटरच, आणि ते हजारो वर्षं चुनखडी विरघळवत भेग रुंदावतं, रुंद भेगेकडे आणखी पाणी वळतं, आणि शेवटी वरची नदीच खाली उतरते. मग ती गोटे घेऊन घासते, छतं कोसळतात, सगळं मान्य, पण ते नंतरचं. अशा गुहांच्या भिंतींवर बऱ्याचदा शिंपल्यासारखे खळगे असतात, तेही विरघळूनच झालेले. खळगे जितके लहान तितका प्रवाह वेगवान होता, नदी आटली तरी कळतं.

आणि जोरच लागत असेल तर मेक्सिकोतल्या युकातानचं काय? तिथे वर नद्या जवळपास नाहीतच. 2018 मध्ये दोन गुहा जोडलेल्या सापडल्या आणि साक आक्तुन नावाच्या तिथल्या गुहांच्या जाळ्यातल्या पाण्याखालच्या बोगद्यांची लांबी 347 किलोमीटर भरली. किनाऱ्याजवळ खाली समुद्राचं खारं पाणी, वर गोडं, आणि गंमत म्हणजे दोघांनाही एकेकटं चुना विरघळवणं जमेनासं झालेलं असलं तरी मिसळतात तिथे परत जमतं. यात धार कुठे आली?

गरम पाण्याचं तर उलटंच आहे. वेग थोडा वाढतो, पण गरम पाण्यात कार्बन डायॉक्साइड कमी टिकतो, त्यामुळे चुनाही कमी मावतो. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, तो गरम पाण्याने टाकून दिलेला चुनाच. उष्ण प्रदेशाची खरी ताकद म्हणजे धो धो पाऊस आणि बारा महिने जिवंत असलेली माती.

शुद्ध पाण्याची थाप मात्र महागात पडेल. वाळूतून पाणी गाळलं जातं, बोगद्यातून नाही, तिथे ते पाइपातून आल्यासारखं न गाळता सरळ येतं. फिलिपिन्समधल्या पुएर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी तर 8.2 किलोमीटर वाहून थेट समुद्राला मिळते, भरतीचं पाणी आत शिरतं, ते कुठल्या गाळणीतून? वाट शोधायला अभ्यासक नदी गडप होते तिथे हिरवट फ्लुरोसीन रंग टाकतात, आणि तो कधीकधी काही तासांतच पलीकडच्या झऱ्यात दिसतो. त्याच खड्ड्यात कोणी मेलेलं जनावर टाकलं तर तेही त्याच वाटेने येणार, तेव्हा झऱ्याचं पाणी उकळूनच प्या.