'कार्टून' म्हणून नाक मुरडण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

'सोल स्टेशन' या कोरियन झॉम्बी (म्हणजे चालत्या-फिरत्या प्रेतांच्या) ॲनिमेशनपटावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया सकाळपासून चार वेळा वाचली. मतभेदाचं मला वावडं नाही. पण "कार्टूनमध्ये प्रेतं नाचवून समाजाचे प्रश्न मांडता येत नाहीत, लेखकाने आधी थोडा अभ्यास करावा" हा मतभेद नाही, ही छडी आहे. शाळा सुटून मला बरीच वर्षं झाली.

आधी माझी चूक. 'सोल स्टेशन' हा त्याच दिग्दर्शकाच्या, खऱ्या नटांच्या 'ट्रेन टू बुसान' या झॉम्बीपटाच्या आधी आला, असं मी लिहिलं होतं. त्याची कथा आधीची. पण कोरियातल्या थिएटरांत तो ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे महिनाभर नंतर लागला. दुरुस्त केलंय. आभार. (नीट शब्दांत सांगितलं असतंत तरी केलंच असतं.)

आता 'कार्टून'. हा शब्द आपण तीनदा वापरलात, तिन्ही वेळा अवतरणचिन्हांत, झुरळ चिमटीत धरावं तसा. मी बारा वर्षं ॲनिमेशनमध्ये काढली. पहिली चार नुसती गर्दी काढण्यात गेली, म्हणजे नायकाच्या मागून चालणारी, कुणी न बघणारी माणसं. एकदा पुलाखाली झोपलेला म्हातारा काढला, तर वरून निरोप: 'फ्रेम घाण दिसतेय, उडवा.' उडवला. एक क्लिक लागला. तेव्हा अभ्यासाचं मला सांगू नका.

'सोल स्टेशन'ची सुरुवात आठवा. पाहिला असेल तर. मानेतून रक्त गळणारा म्हातारा स्टेशनाबाहेर खुरडत चाललाय. जवळच दोन तरुण सर्वांसाठीच्या कल्याणकारी योजनांवर गप्पा मारताहेत. त्यातला एक मदतीला पुढे होतो, घाण वास येतो, तसाच मागे फिरतो. बेघर दिसतोय, विषय संपला! इथे खरा नट असता तर आपण जखमेचा मेकअप न्याहाळत बसलो असतो. चित्रात वासही येत नाही आणि मेकअपही नाही. उरतो तो मागे फिरलेला तरुण. 'सोल स्टेशन'चा दिग्दर्शक योन सांग-हो याने त्याआधी 'द किंग ऑफ पिग्ज' (२०११) आणि 'द फेक' (२०१३) हेही ॲनिमेशनमध्येच केले. दोन्ही लहान मुलांना दाखवून बघा, म्हणजे कार्टून कशाला म्हणतात ते कळेल.

राहिली 'प्रेतं'. झॉम्बी आला हैतीतून, गुलामगिरीच्या आठवणीतून: मेल्यावरही मालकाच्या राबणुकीतून न सुटलेला माणूस. त्याला माणसं खायला लावली ती अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाने, १९६८ मध्ये. तिथेही रात्रभर प्रेतांपासून वाचलेल्या कृष्णवर्णीय नायकाला सकाळी जिवंत माणसंच गोळी घालतात. समाज मी वरून चिकटवलेला नाही.

"बेघरालाच पहिला रोगी दाखवून चित्रपट त्यांच्याबद्दलची भीती वाढवतो" हे आपलं दुसरं म्हणणं. असं वाटायला चित्रपट अर्ध्यात बंद करावा लागतो. पुढे पोलिस रस्ता अडवून पाण्याचे फवारे कुणावर मारतात, तेवढं बघा. त्यावर जास्त लिहायची गरज वाटत नाही. शुद्धलेखनाबद्दलही आपण काही म्हणालात, असो.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा 'ॲनिमेशन' असा शब्द आहे. त्याला अवतरणचिन्हं लागत नाहीत.