‘यतीचा केस’ आणि रशियातून आणायची अस्वलं: त्या फॉरवर्डला उत्तर

आठवडाभर नाशिकच्या निम्म्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. ‘यतीचं रहस्य उलगडलं’ असं शीर्षक, बर्फात उभ्या राहिलेल्या अस्वलाचा फोटो आणि खाली पाच दावे. यती म्हणजे ४०,००० वर्षांपूर्वीचं ध्रुवीय अस्वल, हे ऑक्सफर्डनं डीएनएवरून सिद्ध केलं. जगात दोन लाख तपकिरी अस्वलं आहेत, हिमालयातली संपली तरी बिघडत नाही. विष्ठा गोळा करून अस्वलं मोजतात ही थाप आहे. कमी पडलीच तर रशियातून वीस आणून सोडा, इटलीनं तेच केलं, आणि आपले बिबटेही असेच उचलून लांब सोडावेत. शेवटी, या अस्वलाचा केस ताईतात घातला की लहान मूल झोपेत दचकत नाही.

मावशीनं नातवासाठी तसला ताईत गंगेवर, म्हणजे इथल्या गोदाकाठी, मिळेल का, असं विचारलं. त्यानंतर गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी यती. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये आला, हे खरं. ‘यतीचे’, ‘बिगफूटचे’ (हा अमेरिकेतला यती) म्हणून जगभरातून आलेले केस त्यांनी तपासले. ज्या तीस नमुन्यांचा डीएनए वाचता आला त्यांत गाय, घोडा, कुत्रा-लांडगा, माणूस असं सगळं निघालं. लडाख आणि भूतानमधले फक्त दोन केस उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या एका प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात, असं त्यांनी म्हटलं. मेसेज इथेच थांबतो. ही जुळणी मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीत ऊर्जा बनवणारा भाग, त्याचा डीएनए वेगळा असतो) एका जनुकाच्या जेमतेम १०४ अक्षरांवर केली होती, आणि अस्वलाचा पूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए साधारण १७ हजार अक्षरांचा असतो. सातबाऱ्यावरचा एक शब्द वाचून जमिनीचा मालक ठरवावा, तसं झालं ते. पुढच्याच वर्षी दोन वेगळ्या गटांनी तीच अक्षरं पुन्हा तपासली. प्राचीन अस्वलाशी जुळणी टिकली नाही, आणि एवढ्याशा तुकड्यावरून हिमालयातलं साधं तपकिरी अस्वल वगळताच येत नाही हेही दाखवलं गेलं.

मग २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी हे काम नीट केलं. निबंध साइक्स यांचा आला त्याच नियतकालिकात, रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज बी’मध्ये आहे. हाड, दात, कातडी, केस, विष्ठा असे एकूण २४ नमुने होते, त्यांतले नऊ ‘यतीचे’ म्हणून जपून ठेवलेले. त्या नऊपैकी आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. यतीचा विषय माझ्यापुरता इथे संपतो.

त्या निबंधातली खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे. हिमालयातल्या तपकिरी अस्वलाची शाखा जगभरच्या इतर तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी फुटली. शेजारी तिबेटच्या पठारावर राहणारी तपकिरी अस्वलं मात्र युरोप-आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या अस्वलांना जास्त जवळची आहेत. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे ही आईच्या बाजूची वंशावळ झाली, एवढी पुस्ती जोडायला हवी. तरी या एका निष्कर्षानंतर मेसेजमधला दुसरा दावा उभा राहत नाही. दोन लाखांचा आकडा ढोबळमानानं बरोबर आहे, मान्य. त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या रशियात आहेत. पण द्रास, झंस्कार, लाहौल-स्पितीतलं अस्वल म्हणजे त्या दोन लाखांतलं एक सुटं नाणं नव्हे. ती शाखा गेली तर रशियातली लाखभर अस्वलंही ती परत आणू शकत नाहीत.

आणि या अस्वलांची घटलेली संख्या भरून यायलाही किती वेळ लागतो! देवसाईच्या पठारावर, म्हणजे गिलगिट-बाल्टिस्तानात, या अस्वलांचा बराच काळ अभ्यास झाला. मादी पहिल्यांदा वितेपर्यंत आठ वर्षं उलटतात, दोन वेतांमध्ये साडेपाच वर्षांहून जास्त अंतर असतं आणि एका वेतात सरासरी १.३ पिल्लं. तिथे १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा वीसेक अस्वलं उरली होती. चाळीशी गाठायला बारा-तेरा वर्षं लागली, तीही कडक संरक्षण असताना. तिथे एक वयात आलेली मादी मारली गेली तर तो तोटा एक-दोन वर्षांत भरून येत नाही.

विष्ठेची मोजणी ही थाप नाही, कष्टाचं काम आहे. अस्वलाच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या थराला चिकटून येतात, म्हणून तुकडा आतला नाही, वरचा घ्यायचा. काडीनं, सुपारीएवढा. तो ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकायचा आणि अल्कोहोल तुकड्याच्या तिप्पट-चौपट तरी हवं, कारण विष्ठेतलंच पाणी ते पातळ करतं. ओली विष्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर बुरशी आणि जिवाणू डीएनए कुरतडून टाकतात. ऊन आणि पाऊसही तेच करतात, म्हणून शिळा नमुना बहुतेक वेळा वाया जातो. प्रयोगशाळेत मायक्रोसॅटेलाइट नावाचे, तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे तुकडे मोजतात. प्रत्येक ठिकाणी एक प्रत आईची, एक बापाची. खराब डीएनएमध्ये दोनांपैकी एक प्रत उमटतच नाही, आणि मग एकाच अस्वलाची कागदावर दोन होतात. म्हणून प्रत्येक नमुना अनेकदा चालवून बघावा लागतो. उलट, तपासलेले तुकडे फार कमी असतील तर सख्खी भावंडं एकच अस्वल म्हणून मोजली जातात. घाईनं केलेली मोजणी फसवते, एवढं मेसेजवाल्याला द्यायला हरकत नाही. पण स्वीडनमध्ये २००१ पासून शिकारीच जंगलात फिरताना विष्ठेचे नमुने गोळा करून देतात आणि शिकारीचा कोटा ठरवताना त्या मोजणीचा आधार घेतला जातो.

आता तो रशियाचा दावा. सगळ्यात जास्त नुकसान हाच करणार, कारण ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो.

इटलीच्या त्रेंतिनोत १९९९ ते २००२ दरम्यान दहा अस्वलं सोडली आणि आज तिथे शंभरच्या आसपास आहेत. हे खरं आहे. पण ती शेजारच्या स्लोव्हेनियातून आणली होती. आल्प्समध्ये शेवटची जी तीन-चार उरली होती त्यांचीच ती जवळची भावकी, तसंच जंगल, तसाच हिवाळा. तरीही काय झालं? योझे आणि युर्का या जोडीच्या पिल्लांना आईबापांच्या आद्याक्षरांवरून जेजे-१, जेजे-२ असे क्रमांक मिळाले. जेजे-१ २००६ मध्ये बव्हेरियात पोचलं आणि गोळी घालून मारावं लागलं. त्याच जोडीची जेजे-४ ही मादी. एप्रिल २०२३ मध्ये तिनं डोंगरात धावायला गेलेल्या तरुणाला ठार केलं, आणि ती तीच होती हे डीएनएवरूनच पटलं. अस्वल सोडलं म्हणजे काम संपलं नाही. कचऱ्याचे डबे, मधपेट्या, गावकऱ्यांची तयारी हे सगळं तिथून पुढे सुरू होतं.

फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांचं उदाहरण मेसेजमध्ये नाही. ते आधी वाचायला हवं. तिथे १९९६-९७ मध्ये स्लोव्हेनियातून तीन अस्वलं आणली, त्यांत पायरोस हा एकच नर. पुढची कित्येक वर्षं बहुतेक पिल्लांचा बाप तोच राहिला, स्वतःच्या लेकींच्या पिल्लांचाही. डोकी वाढत गेली आणि जनुकांचं वैविध्य आकसत गेलं. याचं साधं गणित आहे. वीण करणारे नर आणि माद्या यांचा गुणाकार करा, चारनं गुणा, आणि नर-माद्यांच्या बेरजेनं भागा. एक नर आणि दहा माद्या असतील तर उत्तर ३.६ येतं. म्हणजे दिसायला अकरा अस्वलं, पण जनुकांच्या हिशेबात चारसुद्धा नाहीत. शेवटी पायरोसचा वरचष्मा मोडायला २०१६ मध्ये गोइआत नावाचा नर मुद्दाम आणावा लागला. ‘वीस आणून सोडा’ म्हणणाऱ्यानं त्यांत किती नर आणि त्यांतल्या किती जणांची वीण होणार, हा प्रश्न विचारलेलाच नाही.

हिमालयात तर याची गरजच सिद्ध झालेली नाही. देवसाईच्या अस्वलांचा जनुकीय अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वैविध्य इतर ठिकाणांपेक्षा कमी निघालं, पण आपापसातलं नातं धोक्याच्या पातळीला गेलेलं नव्हतं. लगेच अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या विणीचे, परिणाम दिसतील अशी स्थिती नाही, आजूबाजूच्या अस्वलांशी येणं-जाणं टिकवा, असा त्याचा सांगावा होता. तपकिरी अस्वलाच्या माद्या आईच्या आसपासच राहतात आणि नर लांब जातात. म्हणून एका दरीतून दुसऱ्या दरीत जायच्या वाटा मोकळ्या राहिल्या की जनुकं नरांच्या पायांनी आपोआप पोचतात. उत्तर स्पेनच्या कँटाब्रियात कित्येक दशकं तुटलेले दोन गट असेच पुन्हा जुळले: पश्चिमेकडचे नर पूर्वेला पोचले आणि दोन्हीकडचं रक्त असलेली पिल्लं झाली. कोणी ट्रकमधून काही नेलं नव्हतं. साडेसहा लाख वर्षं वेगळ्या राहिलेल्या शाखेत परकी अस्वलं मिसळली तर जे वाचवायचं तेच पातळ होईल.

बिबट्यांबद्दल थोडक्यात, कारण निफाड-सिन्नरचा ऊस आणि त्यातली भीती दोन्ही खरी आहेत. उचलून लांब सोडण्याचा प्रयोग आपल्या शेजारी जुन्नरला झालाय. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या निबंधानुसार माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात, दुसऱ्याच्या हद्दीत, बिथरलेला फिरतो.

राहिला ताईत. पूर्वी दरवेशी दारावर अस्वल आणायचे, पोराला त्याच्या पाठीवर बसवायचे आणि केस द्यायचे. तिथून ही समजूत आलेली आहे, आणि ते अस्वल आपल्याकडचं काळं, हिमालयातलं नव्हेच. केस विकणं-घेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कायद्याच्या अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या, प्राण्यासाठी किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि २५ हजारांपासून पुढे दंड. नख किंवा केस कोणी विकताना दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि मावशी, साइक्सकडे ‘यतीचे’ म्हणून आलेल्या केसांत गायी-घोड्यांचे निघाले होते. गंगेवरच्या पुडीत काय असेल ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. दचकण्याचं बघायला बाळाला डॉक्टरांकडे घेऊन जा.