भुंगेरा मुंगीसारखा दिसतो, पण मुंगी त्याला बघतच नाही

सध्या व्हॉट्सॲपच्या गटांतून एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेच्या जंगलात शास्त्रज्ञांना एक नवा भुंगेरा सापडला. तो मुंगीचं रूप घेऊन लष्करी मुंग्यांच्या फौजेत शिरतो. मुंग्या त्याला बघून आपलाच समजतात आणि तो आतून वसाहत पोखरून संपवतो. इतकं हुबेहूब रूप टप्प्याटप्प्याने घडणं अशक्य, कारण अर्धवट मुंगीसारखं दिसून उपयोग काय? तेव्हा उत्क्रांती खोटी. शेवटी तात्पर्य: शत्रू बाहेर नसतो, वेष बदलून आपल्यातच बसलेला असतो.

विषय मुळात फार सुंदर आहे आणि तो असा मोडतोड होऊन घरोघरी पोचतोय याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून त्यातलं एकेक विधान घेतो.

आधी फोटो. माझ्यापर्यंत आलेल्या फोटोत एका लालसर मुंगीला दोन पोटं असल्यासारखी दिसतात. त्यातलं एक पोट म्हणजे निम्फिस्टर क्रोनौएरी नावाचा जेमतेम दीड मिलिमीटरचा भुंगेरा. कोस्टा रिकातल्या ला सेल्वा संशोधन केंद्राच्या जंगलात तो सापडला आणि २०१७ साली फॉन बेरेन आणि टिशेच्किन या संशोधकांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. मुंग्या मुक्काम हलवायला निघाल्या की हा मुंगीच्या कंबरेला जबड्याने घट्ट धरतो आणि तिच्या अंगावरून प्रवास करतो. पण तो हिस्टेरिडी कुळातला आहे. मजकुरात वर्णन आहे ते स्टॅफिलिनिडी कुळातल्या रोव्ह भुंगेऱ्यांचं. म्हणजे फोटो एकाचा आणि गोष्ट दुसऱ्याची.

रोव्ह भुंगेरे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, अंगावर चिरडला गेला तर कातडीवर फोड आणणारा नारिंगी-काळा लांबट किडा महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो पेडेरस याच कुळातला. या कुळाच्या साठ हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे. पाठीवरचे कडक पंख आखूड असतात, त्यामुळे पोटाचा मोठा भाग उघडा राहतो आणि हवा तसा वळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"नवा भुंगेरा सापडला" यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की असा प्राणी पहिल्यांदाच दिसला. लष्करी मुंग्यांबरोबर राहणारे मुंगीसारखे रोव्ह भुंगेरे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. एसिटॉन बर्चेली या एकाच लष्करी मुंगीच्या आश्रयाने राहणाऱ्या किंवा तिच्यामागून फिरणाऱ्या प्राण्यांची यादी कार्ल रेटेनमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केली. तीत तीनशेहून जास्त प्रजाती आहेत: पक्षी, माश्या, गोचिडीच्या जातीचे सूक्ष्म जीव, भुंगेरे. नवे भुंगेरे अजूनही मिळतात, आणि का मिळतात हे ते गोळा करायची पद्धत पाहिली की कळतं. लष्करी मुंग्यांना कायमचं वारूळ नसतं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तशी त्यांची गत. एसिटॉन मुंग्या साधारण पंधरा दिवस फिरतीवर असतात आणि वीस दिवस एका जागी थांबतात. फिरतीच्या काळात अंधार पडला की लाखो मुंग्यांची रांग अळ्या तोंडात धरून नव्या जागेकडे निघते, ती तासन् तास चालते. संशोधक त्या रांगेशेजारी दिवा लावून बसतो. हजारो मुंग्यांत एखादीची चाल किंचित वेगळी वाटते. तेवढीच नळीने हवा ओढून बाटलीत घ्यायची आणि ती मुंगी आहे की भुंगेरा हे नंतर भिंगाखाली बघायचं. त्यात कधी दिसायला एकसारखे भुंगेरे डीएनए तपासल्यावर वेगवेगळ्या प्रजातींचे निघतात. व्हॅटेसस या रोव्ह भुंगेऱ्यांच्या बाबतीत २०१६ साली असंच झालं.

आता मुख्य मुद्दा. "मुंग्या त्याला बघून आपलाच समजतात." एसिटॉनच्या कामकरी मुंगीचा डोळा म्हणजे एकच बारीकसा ठिपका असतो. बहुतेक कीटकांच्या डोळ्यात असतात तसे शेकडो कप्पे त्यात नसतात, त्यामुळे तिला आकृती ओळखता येत नाही. आफ्रिकेतल्या डोरिलस आणि आपल्या सह्याद्रीतही असणाऱ्या एनिक्टस या लष्करी मुंग्यांच्या कामकऱ्यांना तर डोळेच नसतात. दृष्टीच नाही तिथे रूप बघून फसण्याचा प्रश्न येत नाही.

मग मुंग्या ओळखतात कशावरून? वासावरून आणि स्पर्शावरून. प्रत्येक मुंगीच्या अंगावर मेणासारख्या हायड्रोकार्बनचा पातळ थर असतो. त्यातल्या घटकांचं प्रमाण वसाहतीगणिक वेगळं असतं आणि समोर येणाऱ्याच्या अंगावरून मिशा फिरवून मुंगी ते ताडते. ला सेल्वातल्या भुंगेऱ्यांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच थर तपासला होता. एसिटोफाया आणि एसिटोमॉर्फा हे मुंगीसारखे दिसणारे भुंगेरे वासानेही आपल्या यजमान मुंगीच्या फार जवळ होते. मुंग्या त्यांच्याशी शांतपणे वागत होत्या. टेट्राडोनिया या दुसऱ्या रोव्ह भुंगेऱ्याचा वास तितका जुळत नव्हता. तो मुंग्यांना चुकवत, कडेकडेने वावरत होता आणि त्याच्यावर हल्लेही जास्त होत होते.

इथे कुणीही विचारेल, वासावर काम भागतं तर मुंगीसारखी कंबर आणि मुंगीसारखा रंग कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. एरिख वास्मान या जेझुइट पाद्र्याने मुंग्यांच्या या पाहुण्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. मुंगी मिशांनी चाचपते तेव्हा अंगाचा आकार तिला मुंगीसारखा लागावा म्हणून हे रूप, असं त्याचं म्हणणं. पण रंग काही चाचपता येत नाही आणि एसिटोफायाचा रंगही यजमानाशी जुळतो. म्हणून दुसरा पक्ष सांगतो की हा बनाव पक्ष्यांसाठी आहे. लष्करी मुंग्यांच्या धाडीमागून जंगलात पक्ष्यांचे थवे चालतात, पळून जाणारे किडे टिपतात आणि मुंग्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. मुंगीसारखा दिसणारा भुंगेरा त्यांच्या नजरेतून सुटतो. मला दोन्ही कारणं एकत्र काम करत असावीत असं वाटतं: कंबर मुंगीसाठी, रंग पक्ष्यासाठी. मजकुराने हा सगळा वाद "बघून फसतात" या दोन शब्दांत संपवून टाकला.

"आतून वसाहत संपवतो" हे तर सरळ चुकीचं आहे. एसिटॉन बर्चेलीच्या एका वसाहतीत काही लाख मुंग्या असतात आणि हे भुंगेरे त्या मानाने मोजकेच. मुंग्यांनी आणलेल्या शिकारीतला वाटा खाणं हा अनेकांचा उद्योग. काही मुंग्यांच्या अळ्याही खातात आणि टेट्राडोनिया जखमी मुंग्यांवर तुटून पडतो. नुकसान होतं, पण वसाहत उभी राहते. ती संपली तर भुंगेराही संपेल, कारण एसिटोफायासारखे भुंगेरे एका विशिष्ट मुंगीलाच बांधलेले असतात. व्हॅटेससचं तर प्रजननाचं वेळापत्रकसुद्धा मुंग्यांच्या फिरती-मुक्कामाच्या चक्राशी जुळलेलं आहे. यावरून माणसांना "वेष बदललेला शत्रू" ठरवणारं तात्पर्य काढणाऱ्याने निदान हे तरी तपासायला हवं होतं. शेजाऱ्याबद्दल संशय पेरायला या किड्याचा आधार मिळत नाही.

राहिला सगळ्यात मोठा दावा, उत्क्रांती खोटी ठरल्याचा. इथे मजकूर पुराव्याच्या बरोबर उलट दिशेला जातो.

क्युशू विद्यापीठाच्या संग्रहालयातले मुनेतोशी मारुयामा आणि तेव्हा कोलंबिया विद्यापीठात असलेले जोसेफ पार्कर यांनी जगभरातले असे मुंगीरूपी रोव्ह भुंगेरे जमवले आणि डीएनएवरून त्यांची वंशावळ काढली. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. दक्षिण अमेरिकेतले, आफ्रिकेतले आणि आग्नेय आशियातले हे भुंगेरे इतके सारखे दिसतात की ते एकाच घराण्यातले असावेत असंच कुणालाही वाटेल. वंशावळीत ते वेगवेगळ्या फांद्यांवर निघाले. मुंगीचं रूप किमान बारा वेळा स्वतंत्रपणे घडलं होतं आणि त्या सगळ्यांचा समाईक पूर्वज सुमारे साडेदहा कोटी वर्षांपूर्वीचा, मोकळा राहणारा, मुंगीसारखा नसलेला भुंगेरा होता. एकदाच घडलेली गोष्ट चमत्कार म्हणून सांगता येते. तीन खंडांत बारा वेळा घडलेल्या गोष्टीचं कारण शोधावं लागतं.

कारणाचा एक भाग मघाशी सांगितलेल्या उघड्या पोटात आहे. पोट कडक कवचाखाली बंद नसल्यामुळे त्याचा पुढचा भाग अरुंद होऊन कंबर होऊ शकते आणि मागचा फुगू शकतो. दुसरा भाग रसायनांचा. ज्या उपकुळातून हे मुंगीरूपी भुंगेरे आले, त्या ॲलिओकॅरिनीमधल्या बहुतेकांच्या पोटावर एक ग्रंथी असते आणि तीतून क्विनोन हा झोंबणारा पदार्थ सुटतो. मुंगी अंगावर आली तर स्वतःला वाचवायचं साधन मोकळ्या भुंगेऱ्याजवळ आधीपासून होतं. मुंग्यांच्या जवळपास टिकून राहायला पहिल्या दिवशी मुंगीसारखं दिसण्याची गरजच नव्हती.

"अर्धवट रूपाचा उपयोग काय" याचंही उत्तर यात आहे. पोटावर ग्रंथी असलेला डॅलोशिया कोरिआरिया मुंग्यांशिवाय मजेत जगतो आणि हरितगृहांत पिकांवरच्या किडींच्या बंदोबस्तासाठी सोडला जातो. टेट्राडोनिया मुंगीसारखा दिसत नाही, तरी रांगेच्या कडेने राहून पोट भरतो. व्हॅटेससचं अंग थेंबासारखं, गुळगुळीत आणि निमुळतं आहे, मुंगीच्या जबड्याला धरायला काही सापडत नाही. एसिटोफाया थेट मुंग्यांच्या मधून चालतो. हे एकमेकांचे पूर्वज नव्हेत, आज जगणारे वेगवेगळे भुंगेरे आहेत. पण मुंग्यांच्या जवळ राहण्याच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी पोट भरून जगतंय हे त्यांच्यावरून दिसतं.

श्रद्धा की उत्क्रांती अशी जी लढाई मजकुरात लावली आहे, तिच्याबद्दल एवढंच सांगतो. वास्मान स्वतः पाद्री होता, आणि प्राण्यांत उत्क्रांती झाली हे त्याला मुंग्यांच्या पाहुण्यांचा अभ्यास करतानाच पटलं. माणसाच्या बाबतीत मात्र त्याने ती मानली नाही.

आणि मधलं रूप दगडात, खरं तर राळेत, सापडलंही आहे. तेही आपल्या शेजारी, गुजरातमध्ये. तिथल्या सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये अडकलेला एक रोव्ह भुंगेरा पार्कर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी २०१४ साली प्रोटोक्लाव्हिजर या नावाने जगापुढे आणला. हा लष्करी मुंग्यांचा सोबती नव्हता, मुंग्यांच्या वारुळात राहणाऱ्या दुसऱ्या एका शाखेचा होता. त्या शाखेच्या आजच्या भुंगेऱ्यांत पोटाच्या पाठीकडच्या पट्ट्या एकमेकींत मिसळून एकच सलग पट्टी झालेली असते आणि अंगावर मुंग्यांना चाटायला लावणाऱ्या स्रावाच्या केसांचे झुपके असतात. प्रोटोक्लाव्हिजरच्या अंगावर ते झुपके आहेत. पोटावरच्या पट्ट्या मात्र अजून वेगळ्या मोजता येतात.