'असू दे' म्हणजे काय असू दे?

सकाळी कुकर लावता लावता मोबाईल बघितला आणि तेव्हापासून डोकं सणकलंय. दुपारी लिहीन म्हटलं, जरा शांत होऊन. नाही झाले शांत.

आमच्या माहेरच्या ग्रुपवर 64 माणसं आहेत. पहाटे भाच्यानं फोटो टाकला. दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे गच्च मिटलेलं, कपाळाला आठ्या घातलेलं बाळ. खाली एवढंच, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." त्याची ही दुसरी मुलगी. त्यावर अकरा अंगठे आले. तीन अभिनंदनं. एका काकांनी लिहिलं, "असू दे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, झालं तर मग." त्याखाली एका शहाण्यानं दात काढून, "आता लेक लाडकीचे पैसे घे." सात वाजायच्या आत कुणीतरी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात टाकलं, मग सोयाबीनचा भाव आला, मग कुणाच्या तरी साखरपुड्याचं लोकेशन. ती पोरगी गेली वर सरकत सरकत.

गेल्या दिवाळीत ह्याच ग्रुपवर दुसऱ्या भाच्याला मुलगा झाला तेव्हा रात्री अकरापर्यंत ढोल-ताशे वाजत होते. तेव्हा मी मोजलं नव्हतं. आज मुद्दाम वर जाऊन मोजलं. 93 मेसेज. मोजू नये असलं काही, माहिताय मला. मोजलं.

असू दे म्हणजे काय असू दे? कप फुटला की आपण म्हणतो, असू दे. भाकरी करपली, असू दे. पहिली मुलगी झाली की 'पहिली बेटी धनाची पेटी' म्हणायला सगळे पुढं असतात. दुसरीला ह्यांच्याकडं म्हणच नाही. दुसरीला असू दे.

मला हे दोन शब्द ओळखीचे आहेत. 2011 च्या फेब्रुवारीत, परभणीत उरूस भरलेला असताना, माझी धाकटी झाली. दुसरंच बाळंतपण, त्यामुळं सासरीच. नवऱ्यानं ऑफिसात पेढे नेले, तर एकजण पेढा तोंडात टाकून विचारतो, "पेढे? मुलगा का?" मुलगी म्हटल्यावर म्हणे, मग बर्फी आणायची ना. पेढा मात्र गिळला त्यानं. तीन घरं सोडून राहणारे चुलत सासरे पहिल्यांदा घरी आले ते चाळिसाव्या दिवशी. मला वाटलं, बाळाला बघायला आले असतील. आले होते प्लॉटच्या कागदावर नवऱ्याची सही घ्यायला. पाळण्याला वळसा घालून टेबलापाशी गेले, कागद पसरला, चहा घेतला, गेले. पाळणा हलत होता हो.

आणि त्याच फेब्रुवारीत आक्का आली होती.

आक्का म्हणजे आमच्या आप्पांची चुलती. जिंतूर तालुक्यातलं गाव, तेव्हा सत्तरीच्या पुढं. उरसाच्या गर्दीत खच्चून भरलेल्या लाल गाडीत उभं राहून आली. नवव्या दिवशी. दारात चपला काढल्या, मोरीवर जाऊन पाय धुतले, हात धुतले, पदराला पुसले. आणि लगेच आत नाही आली. थंडी होती. माझ्या खाटेखालची शेगडी तिनं जरा बाहेर ओढली आणि दोन्ही तळहात त्याच्यावर धरून बसली. मी म्हटलं, आक्का, बाळ बघ की. तर म्हणते, "बाळ कुठं जातंय? हात गार हाईत माझे. तू आधी सांग, जेवलीस का? काय खायलीस?"

नऊ दिवसांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. दूध येतंय का, टाके सुकले का, बाळ रात्री रडतं का, सगळं विचारून झालं होतं. जेवलीस का, नाही. मी काहीच बोलले नाही, तर ती उठली, चुलीपाशी (गॅस होता, पण आक्काला ती चूलच) गेली, आणि सोबत आणलेल्या पिठाची बाजरीची भाकर थापली. त्यात गूळ-तूप कुस्करलं. शेपूची जुडीसुद्धा गावाकडनं आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून.

मग तिनं बाळ मांडीवर घेतलं. लक्ष्मी आली बिक्ष्मी आली काही नाही. नुसतं निरखून बघत बसली. मग कानाची पाळी दोन बोटांत धरून म्हणाली, "कान बघ गं. आप्पाचे हाईत. अस्सल."

बास. एवढ्यानं माझी पोरगी घरात आली.

मला ह्याच्यापलीकडं काही म्हणायचं नाही खरं तर. बाळ कुणावर गेलंय ते शोधा. नाक आजीचं, हनुवटी काकाची, रडणं त्या भांडखोर आत्याचं, काहीही शोधा. नाही सापडलं तर लावा काहीतरी. त्याशिवाय ते बाळ तुमचं कसं होईल? अंगठ्यानं होत नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आजकाल कुणाला वेळ आहे. पोरं पुण्यात, सुट्ट्या नाहीत. बरं, नाहीत. पण फोन? आणि फोनचं निघालंच आहे तर ऐका. ज्या काकांनी "असू दे" लिहिलं, त्यांचाच दहा वाजता मला फोन. मला वाटलं पश्चात्ताप झाला. छे! "आम्हाला ग्रुपवर कळलं. फोन करायची रीत असती की नाही? थोरल्या घराला आधी कळवायला पाहिजे होतं." म्हणजे जिच्या पोटाला टाके पडलेत तिनं, नाहीतर दोन रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर काढलेल्या नवऱ्यानं, 64 घरं फिरून मानाची सुपारी द्यायची. आणि हे घरात बसून रुसणार. मी म्हटलं, काका, आता कळलंय ना? मग लावा फोन. तर म्हणाले, बघू बारशाला. बारशाला येतील, बरोबर. जेवायला पंगत असते.

गावाकडं आशाताई येते बघा. सरकारनं तिला ठरवून दिलंय. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. वजन करायचं, ताप बघायचा, नाळ सुकली का बघायचं, आईला नीट विचारायचं. नात्याची ना गोत्याची बाई 42 दिवसांत सहा वेळा पायरी चढते. आणि चुलत सासरे तीन घरांवरनं चाळिसाव्या दिवशी, तेही सहीला.

आणि त्या लेक लाडकीवर दात काढणाऱ्याला पण सांगते. त्या सरकारी योजनेला पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड लागतं, माझ्या भाच्याकडं दोन्ही नाही. पण ज्यांना मिळतं त्यांना पोरगी जन्मल्यावर 5 हजार मिळतात. पुढं शाळेच्या टप्प्यांवर, आणि अठराव्या वर्षी 75 हजार. सरकारलासुद्धा तुझ्या भाचीच्या जन्माची दखल घ्यायला पैसे ठेवावेसे वाटले, तुला विनोद सुचला.

चहा घेऊन आले. जरा बरं वाटतंय.

एक गोष्ट राहिलीच. धाकटी पंधरा-वीस दिवसांची असेल तेव्हा जनगणनेचे मास्तर आले होते. फेब्रुवारी 2011 चीच गोष्ट. दारात उभे राहून विचारलं, घरात माणसं किती? सासूबाई म्हणाल्या, पाच. मी आतनं ओरडले, सहा! मास्तरांनी खोडलं आणि सहा लिहिलं. त्याच मोजणीतनं पुढं बीड जिल्ह्याचा आकडा बाहेर आला. सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं 807 मुली, राज्यात सगळ्यात कमी. तेव्हा सगळ्यांनी चुकचुक केली. आमच्या अर्ध्या सोयरिकी बीडकडच्या. चुकचुक करणाऱ्यांत "असू दे"वालेही होते.

सासूबाईंचा मला तेव्हा इतका राग आला होता की आठ दिवस मी धड बोलले नाही. आता वाटतं, त्या विसरल्या असतील. किंवा नसतील. त्यांना स्वतःला आधी तीन मुली आणि मग माझा नवरा. तीन वेळा त्यांनी काय काय ऐकलं असेल आणि कुणी त्यांना जेवलीस का विचारलं असेल, देव जाणे. मी कधी विचारलं नाही. आता त्या नाहीत.

आणि जुनं सगळं सोनं होतं असंही मी म्हणत नाही. आक्काच्या काळी बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत कोंडायचे, सुवेर पाळायचे, प्यायला पाणी मोजून द्यायचे. आणि आज डॉक्टर म्हणतात की गर्दी करू नका, बाळाचे मुके घेऊ नका, तेही खरंच आहे. सर्दी झालेला माणूस घरीच बरा. पण आक्का अडाणी होती आणि तिनं न सांगता हात धुतले, पाय धुतले, हात शेकले. तुमचा सॅनिटायझर काय वेगळं करतो?

नेण्याचं म्हणाल तर कृपा करून सातवा फ्रॉक नेऊ नका. तीन महिन्यांत होत नाही अंगाला. चांदीचे वाळे ज्यांना झेपतात त्यांनी न्यावेत, आमच्यात आहेराच्या वहीत कुणी किती घातले ते वीस वर्षांनी काढतात म्हणून मला त्याची भीतीच वाटते. डबा न्या. डिंकाचे लाडू न्या. नाहीतर दोन तास बाळ सांभाळा आणि त्या बाईला झोपू द्या. आक्कानं जाताना कनवटीची गाठ सोडून अकरा रुपये काढले होते. दहाची नोट इतक्या घड्यांची की उलगडेना, आणि वर एक नाणं. नोटेला काताचा वास येत होता. बाळाच्या मुठीत कोंबली. ती नोट अजून माझ्या कपाटात आहे, घडी तशीच.

आणि एक. आक्कानं पिशवीच्या तळाशी हुरड्याची पुडी आणली होती. बाळंतिणीला हुरडा कुठला! ती माझ्या थोरलीला होती. थोरली तेव्हा चार वर्षांची, नऊ दिवस कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, दाराच्या फटीत उभी राहायची. आक्कानं तिला हाक मारली, "ये गं ताई." ताई! तोवर तिला कुणी ताई म्हणालं नव्हतं. ती पुडी घेऊन ती पाळण्याखाली जाऊन बसली आणि एकेक दाणा खात राहिली.

आता खरं सांगते, राग का आला ते. सकाळच्या त्या अकरा अंगठ्यांत एक माझा आहे. कुकरची शिट्टी झाली, हात ओला होता, दाबला आणि ठेवला. "असू दे" वाचलं ते त्याच्यानंतर.

मघाशी भाचेसुनेला फोन लावला. तिच्या आईनं उचलला, झोपलीय म्हणाली. उठवू नका म्हटलं. जेवली का ते विचारलं. उद्याची तपोवन धरून मी संभाजीनगरला चाललेय. बाजरीचं पीठ बांधून ठेवलंय, शेपू सकाळी बाजारातनं घेईन. आईच्या लुगड्याची एक वाकळ होती, ती पण घेतलीय.

तिच्या थोरलीला काय आवडतं तेवढं मात्र मला माहीत नाही. तीन वर्षांची आहे, दोनदा भेटलेय तिला. ग्रुपातल्या कुणाला माहीत असेल तर सांगा. इथं लिहू नका, फोन करा.