"काउन्सेलर काही सांगतच नाही" – कट्ट्यावर झालेला वाद

पम्याने काल कट्ट्यावर आल्या आल्या जाहीर करून टाकलं की काउन्सेलिंग वगैरे सगळं बोगस असतं, दोन सेशन केली, तिसऱ्याला गेलोच नाही. तो जात होता हेच आम्हाला माहीत नव्हतं. बाकी त्याचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसतच होतं, रात्री झोप नाही, मीटिंगच्या आधी छातीत धडधड, लिफ्ट टाळून जिन्याने जाणार, आणि बोलता बोलता दोन बोटं मनगटावर ठेवून गुपचूप नाडी बघणार. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की ही अँग्झायटी आहे, म्हणजे चिंतेचा आजार, काउन्सेलरकडे जा.

"मग बोगस काय आहे त्यात?" नंदाने विचारलं.

"अगं, तो काही सांगतच नाही! मी पाऊण तास बोलतोय, तो वहीत लिहितोय आणि मधेच विचारतो 'तेव्हा मनात काय आलं?' अरे उपाय सांग ना काहीतरी."

गण्याला तेवढंच हवं होतं. "मी कधीपासून म्हणतोय, नुसतं बोलायचंच असेल तर आम्ही काय मेलोय का? रोज इथे बसतो ना आपण? मन मोकळं कर, हलकं वाटेल, संपला विषय."

नंदा स्वतः पॅनिक अटॅकसाठी (अचानक येणारा जबरदस्त भीतीचा झटका) थेरपी पूर्ण केलेली आहे आणि ते ती लपवत नाही, त्यामुळे ती सरळ गण्यावरच आली. म्हणाली, "तू काय करतोस सांगू? हा विचारतो 'मला हार्ट अटॅक तर येणार नाही ना', तू म्हणतोस 'काही होत नाही रे'. याला तासभर बरं वाटतं. मग परत तोच प्रश्न. परवा किती वेळा विचारलं त्याने तुला?"

गण्या गप्प. पम्या पण गप्प.

मला स्वतःला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेकांना तो पटकन पटत नाही. धीर देणं चांगलंच, पण अँग्झायटीत तोच धीर सवयीचा होतो. पम्या लिफ्ट टाळतो, भीती त्या क्षणी झर्रकन उतरते, आणि मेंदू धडा घेतो की जिना घेतला म्हणून वाचलो. लिफ्टमध्ये काहीच झालं नसतं हे कळायची संधीच मिळत नाही. नाडी बघणं, गूगलवर लक्षणं शोधणं, मित्राला विचारून खात्री करून घेणं, सगळ्याचं तेच. प्रत्येक वेळी आराम मिळतो आणि प्रत्येक वेळी भीती थोडी पक्की होते. मित्र हे चक्र तोडू शकत नाही कारण त्याला समोरच्याचा त्रास बघवत नाही. शिकलेला थेरपिस्ट हे चक्र आधी नीट समजून घेतो आणि मग तोडायला घेतो.

पहिल्या दोन सेशनमध्ये तो नुसता विचारत बसतो त्याचं कारणही हेच. नंदा म्हणाली तिचंही असंच झालं होतं, कधीपासून होतंय, कशाने वाढतं, झोप कशी, घरात कोणाला होतं का, दारू, औषधं, जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला का कधी, सगळं विचारतात. एक सात प्रश्नांचा कागद पण भरून घेतला होता, जीएडी-7 म्हणतात त्याला, 2006 साली आलेली चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, प्रत्येकाला 0 ते 3, बेरीज 21 पैकी. 10 किंवा वर आली तर पुढे नीट तपासतात. त्या आकड्यावरून लगेच आजाराचा शिक्का मारायचा नसतो, पण काही आठवड्यांनी परत भरला की उतरतंय का ते दिसतं.

मास्तरांना मात्र हे फार झालं असं वाटत होतं. "चिंता कोणाला नसते? परीक्षेआधी पोराच्या पोटात गोळा येतो, त्याला काय लगेच पेशंट करायचं?"

"नाही मास्तर, तुमचं बरोबर आहे," नंदा म्हणाली. "परीक्षा झाली की तो गोळा जातो. हे जातच नाही." कायम काळजी करत राहण्याच्या आजारात तर निदानाचा निकषच असा आहे की सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी, आणि त्यापायी झोप, काम, नाती बिघडत चाललेली. आणि सहा महिने भरेपर्यंत थांबायची गरज नाहीये हे मी मधेच घातलं, कारण लोक खरंच थांबतात. तुम्ही एकेक गोष्ट टाळायला लागलात आणि आयुष्य आक्रसायला लागलं की जायचं, एवढं कारण पुरेसं आहे.

मास्तर थोडे नरमले आणि मग त्यांनीच एलिसचा विषय काढला. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धत मांडली, घटनेपेक्षा आपण घटनेचा जो अर्थ लावतो त्याने आपण जास्त अस्वस्थ होतो, आणि त्याच्या मागोमाग 1960 च्या दशकात एरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने विचार तपासायची थेरपी उभी केली, आज जिला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं बदलायची थेरपी) म्हणतात ती यातूनच वाढली. "पण मग हे माणसाने घरी बसून करावं की," मास्तर म्हणाले.

यावर नंदाने फोनमधून तिचा एक जुना तक्ता काढून दाखवला. प्रसंग, मनात आलेला विचार, भीती शंभरपैकी किती, आणि खरंच काय झालं असे चार रकाने. एका ओळीत होतं: टीमसमोर बोलायचंय, आवाज कापेल आणि सगळे हसतील, भीती 80. शेवटच्या रकान्यात: आवाज कापला, कोणी हसलं नाही, एकाने पुढचा प्रश्न विचारला. मला ते वाचून काहीतरी झालं. आवाज कापलाच की! ज्याची भीती होती त्यातलं अर्धं खरंच घडलं आणि तरी काही बिघडलं नाही. "सगळं छान होईल" असं म्हणणाऱ्या कुठल्याही धिरापेक्षा हे जास्त टिकतं, कारण ते तिने स्वतः बघितलंय.

"घरी बसून मी चौथा रकाना कधीच भरला नसता," ती म्हणाली. "मी मीटिंगलाच गेले नसते. पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारणारं होतं म्हणून गेले."

आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून गण्या उडालाच. थेरपिस्टने तिला खोलीत बसवून मुद्दाम मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला होता. चक्कर, हाताला मुंग्या, धडधड, अगदी अटॅकसारखं. उद्देश हा की ही लक्षणं घाबरवणारी असली तरी जीवघेणी नाहीत हे शरीराला कळावं. पॅनिक साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतं आणि मग आपोआप उतरायला लागतं, पण आपण त्याआधीच पळतो म्हणून ते उतरताना आपल्याला कधी दिसत नाही. अर्थात हे डॉक्टरी तपासण्या झाल्यावर, शिकलेल्या माणसासमोरच. कट्ट्यावर ट्राय करायचं नाही, हे तिने पम्याकडे बघून दोनदा सांगितलं.

म्हणजे थेरपीत सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, आणि नेमकं तेव्हाच माणसं सोडतात. सीबीटीला साधारण 12 ते 20 सेशन लागतात, आठवड्याला एक, पाऊण ते एक तास, मधल्या दिवसांत होमवर्क. गोळ्यांचं विचाराल तर त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, काउन्सेलर नाही. नेहमी देतात त्या एसएसआरआय गटातल्या (डिप्रेशन आणि अँग्झायटीवरच्या) गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात आणि मनाने बंद करायच्या नसतात. त्रास जास्त असेल तर दोन्ही एकत्र चालतं, त्यात कमीपणा काही नाही.

एवढं झाल्यावर पम्याने खरी गोष्ट काढली. "ऑफिसमध्ये कळलं तर?"

म्हणजे आवाज हळू करून त्याने जे विचारलं ते पहिल्याच सेशनला विचारायला हवं होतं असं आहे. तुम्ही बोललेलं बाहेर जात नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाशी गैरप्रकार होत असेल, किंवा कोर्टाने मागितलं, असे थोडे अपवाद असतात आणि चांगला काउन्सेलर ते सुरुवातीलाच सांगतो. नसेल सांगितलं तर विचारायचं. शिक्षण काय, अँग्झायटीच्या किती केसेस बघितल्यात, कुठल्या पद्धतीने काम करणार, फरक पडतोय हे कसं ओळखायचं, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. जो गॅरंटी देतो, स्वतःचीच कहाणी ऐकवतो किंवा डॉक्टरला न विचारता गोळ्या सोड म्हणतो, त्याच्याकडून उठून यायचं. आणि जीव द्यायचा विचार येत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच वेळी कोणालातरी सांगायचं आणि इमर्जन्सीत जायचं.

"आता परत कुठल्या तोंडाने जाऊ?" पम्या म्हणाला.

"जे आम्हाला सांगितलंस तेच त्याला सांग," नंदा म्हणाली. "म्हणजे की तुम्ही काही सांगत नाही असं वाटलं म्हणून आलो नाही. त्याला राग येणार नाही, उलट तिथूनच काम सुरू होईल. आणि नाहीच जमलं त्याच्याशी तर दुसरा बघ, पण थेरपी सोडू नकोस."

गण्या शेवटपर्यंत म्हणत होता की मित्र घाबरलेला असताना त्याला उत्तर न देणं म्हणजे निर्दयीपणा. नंदा म्हणाली, उत्तर देऊ नको पण सोबत जा, त्याचा थेरपिस्ट लिफ्टचं काम काढेल तेव्हा आधी त्याच्याबरोबर आत उभा रहा, मग काही दिवसांनी खाली थांब, मग येऊच नकोस. गण्याला ते अजून पटलेलं नाहीये. मी मात्र पूर्ण नंदाच्या बाजूने आहे. पम्याने पुढच्या वेळी नाडीवर बोटं ठेवून "मी ठीक दिसतोय ना" विचारलं तर मी हो म्हणणार नाही, त्याच्या शेजारी बसून राहीन आणि त्याला त्याचा तक्ता भरायला सांगेन.